रॉसमची कंपनी आणि कुंडलचा माळ



1920 साली दोन घटना घडल्या. एक दूर युरोपात, प्राग शहरात आणि दुसरी आपल्या कुंडलजवळच्या माळावर. प्रागमध्ये कारेल चापेक या झेक लेखकानं एक नाटक प्रसिद्ध केलं. नाटकाचं नाव ‘आर. यू. आर.’, म्हणजे ‘रॉसम्स युनिव्हर्सल रोबॉट्स’. हे एका कंपनीचं नाव आहे आणि नाटकही त्या कंपनीचंच आहे. ‘रोबॉट’ हा शब्द जगाला याच नाटकानं दिला. त्याच वर्षी या माळावरच्या किर्लोस्करवाडीचा कारखाना ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या नावानं रीतसर कंपनी झाला आणि त्याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागलं.

पहिली कंपनी कल्पनेतली. ती नाटकाचा पडदा पडण्याआधीच बुडाली. दुसरी खरी, ती आजही उभी आहे. मधल्या शंभर वर्षांत आपल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यानं कारखाने उभे राहताना पाहिले आणि बंद पडतानाही पाहिले. आता आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये वेल्डिंग करणारे, जड माल उचलणारे यंत्रहात येऊ लागले आहेत. अशा वेळी कंपनी कशानं वाढते, कशानं पडते आणि पडली तर मागं काय ठेवते, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिलं पाहिजे.

आधी चापेकची गोष्ट. म्हातारा रॉसम हा शास्त्रज्ञ एका बेटावर येतो. कृत्रिम जीव तयार करायचं रसायन त्याला सापडतं. त्याचा पुतण्या इंजिनिअर. तो म्हणतो, माणूस जसाच्या तसा कशाला बनवायचा? कामाला लागतं तेवढंच ठेवू. आनंद नको, गाणं नको, फिरायला जाणं नको. असा हा रोबॉट. नाटक सुरू होतं तेव्हा डोमिन हा कंपनीचा सर्वाधिकारी मोठ्या अभिमानानं भाव सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी एक रोबॉट दहा हजार डॉलरला पडायचा, आता एकशेवीस डॉलरला कपड्यांसकट मिळतो. डोमिन काही लबाड माणूस नाही. धान्य आणि कापड इतकं पिकेल की गरिबी उरणार नाही, कुणाला राबावं लागणार नाही, असं त्याला मनापासून वाटतं.

मग मागणी वाढते. कामगारांचे रोजगार जातात. ते रोबॉट फोडतात, तेव्हा रोबॉटांच्या हाती शस्त्रं दिली जातात. पुढं सरकारं रोबॉटांच्या पलटणी उभ्या करतात. कंपनी मागणी येईल तसा माल पाठवत राहते. थांबायला हवं, हे संचालकांतल्या काहींना कळतं, पण हातात आलेली ऑर्डर कुणी परत करत नाही. शेवटी रोबॉट बंड करतात आणि कारखान्याला वेढा घालतात. कंपनीचा व्यापार-संचालक बुसमन कोट्यवधींची रक्कम मोजून घेऊन निघतो, पैसे देऊन जीव वाचवू म्हणतो. विजेच्या कुंपणाला हात लागून तो तिथंच मरतो.

या नाटकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग मात्र याच्या थोडा आधीचा आहे. रोबॉट बनवायची सगळी कृती रॉसमच्या हस्तलिखितात आहे आणि ते तिजोरीत बंद आहे. डोमिनची बायको हेलेना ते कागद चुलीत घालते. झालं! जगभर लाखो रोबॉट, आणि एकालाही नवा रोबॉट बनवता येत नाही. माणसांपैकी एकटा अल्क्विस्ट वाचतो. तो बांधकाम पाहणारा, स्वतःच्या हातानं विटा रचणारा. रोबॉट त्याला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखा हातानं काम करतो. पण ती कृती त्यालाही येत नाही. कंपनीनं ती कुणाला शिकवलेलीच नव्हती.

आता आपल्याकडं येऊ. पुण्याहून मिरजेला जाणाऱ्या गाडीत बसलात तर सातारा रोड, कऱ्हाड आणि किर्लोस्करवाडी ही स्टेशनं लागतात. तिन्ही ठिकाणी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत कारखाने उभे राहिले. मुंबई-पुण्यात नव्हे, ज्वारी-बाजरीच्या रानात.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचं दुकान चालवायचे. तिथं त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यातच बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. 10 मार्च 1910 ला लक्ष्मणराव तिथं आले. पाण्याची ओरड, निवडुंगाचं रान आणि सापांचा सुळसुळाट. तिथं कारखान्याबरोबर वस्ती उभी राहिली, शाळा आली, वाचनालय आलं. शिक्षा भोगून सुटलेल्या दरोडेखोरांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं आणि त्यांनी तो पहारा इमानानं केला. रॉसमच्या कारखान्यात माणसातलं माणूसपण काढून टाकून कामगार तयार होत होता. इथं जगानं ओवाळून टाकलेला माणूस विश्वास टाकल्यावर कामाचा होत होता.

आणि ‘खबर’. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर तिचे संपादक. नांगर विकायचा तर तो कसा धरायचा, कसा जुंपायचा, बिघडला तर काय पाहायचं हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं. कारखान्याची ही पत्रिका पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झाली आणि तिच्या जोडीला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाली. नांगराच्या कारखान्यानं महाराष्ट्राच्या घराघरांत वाचन नेलं, हे जगाच्या उद्योग-इतिहासात विरळं आहे. माझ्या मते त्या कारखान्याच्या दीर्घायुष्याचं एक कारण यातच आहे. त्यानं आपलं ज्ञान तिजोरीत ठेवलं नाही, ते गिऱ्हाइकाच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. बैलाच्या नांगराचे दिवस सरले, ट्रॅक्टर आले, तरी कारखाना पंपांवर उभा राहिला. ओतकाम, जुळणी, यंत्रावरचं काम जाणणारी माणसं तिथं होती. उद्या वेगळी वस्तू करायची वेळ आली तरी त्यांचे हात तयार होते.

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीची कथा वेगळी आहे. ओगले बंधूंनी 1916 मध्ये तिथं काचेचा कारखाना काढला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. आज साठी ओलांडलेल्या श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर तो लगेच उभा राहील. दिवेलागणीच्या आधी काच उतरवायची, आतली काजळी राखेनं आणि फडक्यानं पुसायची, वात कातरीनं सारखी करायची, टाकीत रॉकेल भरून झाकण घट्ट फिरवायचं. मग बाजूची कळ दाबून काच वर उचलायची, काडी लावायची, काच खाली सोडायची आणि चावीनं वात अशी बेतायची की ज्योत धूर न करता उजेड देईल. या उजेडात मुलांनी पाढे पाठ केले, बाळंतपणं झाली, मोटेवर रात्री काढल्या गेल्या. परदेशी कंदिलांच्या तोडीचा कंदील कृष्णाकाठच्या गावात होऊ शकतो, हे ओगल्यांनी दाखवलं.

मग कोयनेची वीज आली. पाटण तालुक्यात धरण झालं, 1962 च्या सुमारास पोफळीच्या वीजघरात वीज तयार होऊ लागली. कोयना जिथं कृष्णेला मिळते त्या कऱ्हाडाजवळच कंदिलाचा कारखाना होता. खेड्यांत खांब उभे राहिले, घरात बल्ब लागले आणि कंदील खुंटीवर गेला. याच विजेनं विहिरींवर पंप बसले आणि किर्लोस्करवाडीचं काम वाढलं. एकाच विजेनं एका वाडीला मोठं केलं आणि दुसरीच्या मालाची गरज संपवली. ओगलेवाडीचा कारखाना पुढं बंद पडला. गावाचं नाव तेवढं राहिलं.

हे पडणं आणि रॉसमच्या कंपनीचं पडणं एका मापानं मोजता येणार नाही. कंदिलानं आपलं काम चोख केलं आणि अधिक चांगला उजेड आल्यावर तो बाजूला झाला. वीज आली म्हणून हळहळणारा शेतकरी मला माहीत नाही, आणि असूही नये. गरज संपल्यानं कारखाना बंद पडणं यात दुःख आहे, बेकारी आहे, पण कलंक नाही. रॉसमची कंपनी पडली तेव्हा तिनं जगही बरोबर नेलं.

तिसरं ठाणं सातारा रोड. धनजीशा कूपर यांनी या स्टेशनजवळच्या पाडळीला नांगरांचा कारखाना काढला. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान, म्हणजे तिथल्या मंत्रिमंडळाचे प्रमुख, होते. त्यांच्या कारखान्यानं नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत मजल मारली, आणि तीही देशात डिझेल इंजिन बनवणं हे धाडस समजलं जायचं त्या काळात. पुढं कारखाना वालचंद उद्योगसमूहाकडं गेला. मालक बदलले, फाटकावरची पाटी बदलली, पण सातारा रोडला ओतकाम चालू राहिलं आणि सातारा शहरात कूपर हे नाव आजही इंजिनाच्या धंद्यात आहे. कागदोपत्री एक कंपनी जाते आणि तिची विद्या मात्र त्याच मातीत राहते, याचं हे उदाहरण.

या तिन्ही ठाण्यांवरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. कंपनीची खरी ठेव तिच्या माणसांच्या हातात आणि डोक्यात असते. ती जितक्या जणांत वाटलेली, तितकी कंपनी चिवट. ती एका तिजोरीत असेल तर काडी लावायला एक माणूस पुरतो.

हे आज सांगण्याचं कारण आहे. यंत्रहात येणार, आणि यावेतच. तापलेल्या भट्टीजवळ, रंगाच्या वाफेत, मान मोडणाऱ्या ओझ्याखाली माणसानं आयुष्य घालवावं असं कुणी म्हणणार नाही. डोमिनचं तेवढं स्वप्न खोटं नव्हतं. पण यंत्रहात आल्यावर तो उघडून पाहण्याची मुभा आपल्या फिटरला असेल का? त्याचा प्रोग्रॅम आपल्या मुलांना वाचता-बदलता येईल का? की तो बिघडला की परगावच्या माणसाची वाट पाहत सगळी लाइन उभी राहील? ज्याच्या जागी यंत्र आलं त्या कामगाराला त्याच यंत्रावर शिकवलं जाईल, की त्याला हिशेब करून घरी पाठवलं जाईल?

आपल्याकडं शिकवणाऱ्या संस्थांची वाण नाही. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 पासून आहे, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून. तालुक्या-तालुक्याला आयटीआय आहे. कारखानदारांना माझी विनंती आहे, यंत्रहात विकत घेताना त्याच्या किमतीत आपल्या जुन्या कामगाराच्या शिक्षणाचा खर्च धरा. शिक्षकांना विनंती आहे, मुलांना यंत्र नुसतं चालवायला शिकवू नका, खोलून परत जोडायला शिकवा. आणि तरुण श्रोतेहो, तुमच्यातलं कुणी उद्या साताऱ्यात किंवा सांगलीत रोबॉटची कंपनी काढेल. जरूर काढा. आपण काय करतो, कसं करतो, हे मराठीत लिहून ठेवा, छापा, वाटा. लक्ष्मणरावांनी नांगराबरोबर मासिक पोहोचवलं होतं, हे विसरू नका.