मोटरचा जोर मोजणाऱ्या यंत्राची परीक्षा



पंपाची मोटर कारखान्याबाहेर पडण्याआधी
तिचा जोर मोजतात.
हा जोर फिरवण्याचा.
त्याला म्हणतात टॉर्क.
तो मोजणारं यंत्र म्हणजे डायनॅमोमीटर.

पण या यंत्राचंच माप चुकत असेल तर?
चांगली मोटर नापास होईल.
किंवा कमजोर मोटर एखाद्या शेतकऱ्याच्या विहिरीवर जाऊन बसेल.

म्हणून यंत्राचीही परीक्षा घ्यायची.
तीही साध्या वजनांनी.

यंत्राला एक आडवा दांडा जोडतात.
पाणसळ लावून तो अगदी सपाट करायचा.
तिरका राहिला, तर टॉर्क कमी भरतो.
मग रिकाम्या दांड्यावर आकडा शून्यावर आणायचा.

आता वजन टांगा.
यंत्राच्या मध्यापासून 1 मीटरवर, 10 किलो.
आकडा यायला हवा साधारण 98 न्यूटन मीटर.

वजनं एकेक करून चढवा.
दर वेळी आकडा लिहा.
मग एकेक करून उतरवा.
तेव्हाही लिहा.
उतरतानाची ही नोंद बरेचदा राहून जाते.
मला तर तीच सर्वांत मोलाची वाटते.

चढतानाचा आणि उतरतानाचा आकडा जुळत नाही?
मग बहुधा कुठेतरी घर्षण आड येतंय.
दांड्याला बोटानं हलकी टिचकी मारा.
आकडा सरकला, तर आधी बेअरिंग पाहा.
आकडा जुळवायची घाई नको.

पुन्हा सांगते.
चढताना लिहा, उतरतानाही लिहा.

शेवटी सगळी वजनं काढा.
आकडा शून्यावर परतला पाहिजे.
नाही परतला,
तर कारण शोधा आणि पहिल्यापासून सुरू करा.