आपल्या ग्रंथालयात नसलेले पुस्तक

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे आयुष्य सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे गेले. म्हणून आज माझ्या कामातलीच एक गोष्ट सांगतो.

आपली माणसं ग्रंथालयात येतात, पुस्तकाचं नाव सांगतात. मी म्हणतो, "आपल्याकडे नाही." झालं, मान खाली घालून निघून जातात. शाळेत, कचेरीत, दवाखान्यात "नाही" ऐकायची आपल्याला इतकी सवय, की पुढचा प्रश्न विचारायचा असतो हेच आपण विसरतो. तो प्रश्न असा : "दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून द्याल का?" यालाच आमच्या भाषेत आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात.

बाबासाहेबांचे राजगृह आणि तिथला ग्रंथसंग्रह आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधीचा, चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा विद्यार्थी आठवा. केळुसकर गुरुजींनी त्याला पाहिले, विचारपूस केली, वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या वेळी गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. घरात नसलेले पुस्तक दुसऱ्याच्या कपाटातून त्या मुलापर्यंत पोहोचले. गुरुजींनी माणूस म्हणून जे केले, तेच एक ग्रंथालय दुसऱ्या ग्रंथालयासाठी करते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतली एक मुलगी आली. अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. तिला बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा ६ वा खंड हवा होता. रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ त्यात आहे. आमच्याकडे काही खंड होते, नेमका तो नव्हता. दुकानातही मिळेना. ती निघाली होती. मी म्हटलं, "बस बाळ, एक अर्ज लिही." जिल्ह्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला आम्ही पत्र पाठवलं. नवव्या दिवशी खंड आला. अट होती, पंधरा दिवस, आणि ग्रंथालयातच बसून वाचायचं. ती रोज संध्याकाळी यायची, वहीत उतरवून घ्यायची. शेवटच्या दिवशी तिची आई आली. तो जाडजूड खंड हातात घेऊन म्हणाली, "हे एवढ्या लांबून माझ्या पोरीसाठी आलं?" मी म्हटलं, "हो ताई, तिच्याचसाठी."

आता हे कसं चालतं ते नीट ऐका. पुस्तक तुम्हाला नव्हे, तुमच्या ग्रंथालयाला उसने मिळते. हरवले, फाटले तर जबाबदारी आमची. म्हणून अर्जावर पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, जमल्यास साल लिहावे. टपालखर्च बहुधा वाचकाने द्यायचा असतो. दुर्मिळ पुस्तके, कोश, संदर्भग्रंथ सहसा बाहेर देत नाहीत, पण हव्या त्या पानांची झेरॉक्स मागता येते.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ड वर्गाच्या छोट्या ग्रंथालयात मोठा संग्रह कुठून असणार? त्यांनाच मोठ्या ग्रंथालयाचा आधार हवा. दिल्लीत १९८८ साली डेलनेट नावाचे ग्रंथालयांचे जाळे सुरू झाले. देशभरातली ग्रंथालये त्याची सभासद आहेत आणि कोणते पुस्तक कुठे आहे याची एकत्र यादी तिथे पाहता येते. त्याचे सभासदत्व संस्थेला मिळते, एकट्या माणसाला नाही. आपले ग्रंथालय सभासद नसेल, तर जवळच्या महाविद्यालयाचे आहे का ते विचारा.

आता एक कडू गोष्ट. मी नोकरीला नवीन होतो. माझ्या सख्ख्या मामांसाठी दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून पुस्तक मागवलं. मुदत संपली. मामा म्हणायचे, "रविवारी आणतो." रविवार मागून रविवार गेले. ते वडीलधारे, मला बोलायची लाज वाटली. शेवटी त्या ग्रंथालयाचं पत्र आलं : आधीचे पुस्तक परत येईपर्यंत दुसरे मिळणार नाही. त्याच आठवड्यात परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा त्यांच्याकडचंच पुस्तक मागायला आला होता. मला "नाही" म्हणावं लागलं. पुढे मामांनी पुस्तक आणून दिलं, माफीही मागितली. पण तो मुलगा पुन्हा काही आला नाही. ते "नाही" मामांचं नव्हतं. न बोलणाऱ्या माझं होतं.

म्हणून सांगतो, उसने आणलेले पुस्तक वेळेवर परत करणे म्हणजे मागून येणाऱ्या मुलासाठी दार उघडे ठेवणे.

थोर ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा : प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. त्या मुलाला त्याचं पुस्तक मिळालं नाही, हे मी विसरलो नाही.

विहार समितीला एक विनंती. आपल्या विहारातही पुस्तकांचे कपाट आहे. तरुण मंडळाने त्याची यादी करावी आणि एक प्रत आमच्या ग्रंथालयात आणून द्यावी. जे आमच्याकडे नाही ते कदाचित तुमच्याकडे असेल. आपण नेहमी मागणारेच का असावे? देणारेही होऊ या.

आणि बालमित्रांनो, उद्या कोणी म्हणालं "पुस्तक नाही", तर मान खाली घालू नका. विचारा, "मग कुठे आहे?"