संशयाचा अधिकार गावाकडे



सालेकसा तालुक्यातील दरेकसा छत्तीसगडच्या सीमेलगत, मुंबई–हावडा लोहमार्गावर आहे. गाडी थांबते, पण रात्री श्वास कोंडलेल्या बाळाच्या ती कामी येत नाही. म्हणून श्वासनलिकेच्या गंभीर संसर्गाबद्दल एकच गोष्ट मांडतो: उपचार रुग्णालयात होतात, पण निकाल बहुधा त्याआधी, पहिला संशय कोणी आणि केव्हा घेतला यावर ठरतो.

नवजात बाळाची श्वासवाट घशाखालच्या अरुंद जागी जेमतेम 4 मिलिमीटर रुंद असते. आतून चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली, तर रुंदी 2 मिलिमीटर उरते आणि हवेला जागा चौथाईच मिळते. तेवढ्याच सुजेने मोठ्या माणसाचा आवाज फक्त बसतो. कुपोषित बाळाचे श्वासाचे स्नायू लवकर थकतात. मग ते रडायचे थांबते आणि घरच्यांना वाटते, बाळ शांत झाले.

पहिल्या संशयाचे हे महत्त्व घटसर्पात अधिक स्पष्ट दिसते. घशात करडा, चिवट पापुद्रा धरतो, मान सुजते, पापुद्रा श्वासनलिकेत उतरला तर श्वास अडतो. जंतूचे विष रक्तातून हृदयापर्यंत जाते. प्रतिविष फक्त मोकळ्या विषाला निकामी करते. पेशीत शिरलेल्या विषावर त्याचा इलाज चालत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतात, म्हणून प्रतिविष संशयावरच द्यायचे असते. घोड्याच्या रक्तद्रवातून बनणारे हे औषध तीव्र ॲलर्जीच्या धोक्यामुळे रुग्णालयातच द्यावे लागते. गळ्याला छेद देऊन नळी घालणे हेही तिथलेच काम. पण या दोन्हींसाठी रुग्ण वेळेत निघायला हवा, आणि तो निघतो गावातून.

गावातला माणूस धोक्याची खूण ओळखू शकेल का, या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या गडचिरोलीने दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आरोग्यसेवक आणि सुइणींना बालन्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देण्यास शिकवले होते. त्यांनी उपचार केलेल्या 612 प्रकरणांत मृत्युदर 0.8 टक्के राहिला; तुलनेच्या भागात तो 13.5 टक्के होता. फार आकडे मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचा श्वासमापक बनवला: मिनिटाची वाळू सरते तोवर दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मण्यापर्यंत पोहोचलो की न्यूमोनिया. न्यूमोनिया फुप्फुसाचा, आपला विषय श्वासनलिकेचा, हे मान्य. पण सिद्ध झालेली गोष्ट दोघांना लागू आहे: जवळच्या माणसाला साधी खूण शिकवली, तर ती अचूक वापरली जाते.

आक्षेप असा की गावात प्रतिजैविके दिली, तर जंतू औषधांना दाद देईनासे होतील. ही भीती खरी आहे. पण न मोजता प्रत्येक खोकल्याला गोळी देण्याने तो धोका वाढतो; श्वास मोजून दिलेल्या औषधाने उलट नको ती गोळी टळते. दुसरा आक्षेप, संशय चुकला तर गोंदियाच्या रुग्णालयापर्यंतची फेरी फुकट जाईल. जाऊ द्या. दहा फेऱ्या फुकट गेल्या तरी अकराव्या फेरीतले बाळ त्या खर्चाचे मोल आहे. तिसरा, मोठी रुग्णालये उभारा, हे कशाला? रुग्णालये हवीतच, पण वेळेत न पोहोचलेल्या रुग्णाला त्यांचा उपयोग नाही.

म्हणून आवाहन असे. श्वास आत घेताना कर्कश आवाज येत असेल, छाती आत ओढली जात असेल, लाळ गिळता येत नसेल, तर घशात चमचा घालून पाहू नका. बाळाला झोपवू नका. आईच्या मांडीवर बसू द्या, ऑक्सिजन असेल तर लावा, 108 ला फोन करा आणि पुढच्या रुग्णालयाला आधीच कळवा. आणि घटसर्पाचे लसीकरण दीड वर्षावर थांबवू नका. पाच वर्षांचा, दहाचा आणि सोळाचा डोस राहिलेली मुले या आठवड्यात शोधा. आशाताई, तुमचा संशय हा या उपचाराचा पहिला डोस आहे. तो बोलून दाखवा. आम्ही डॉक्टरांनी तो ऐकून घेतला पाहिजे.