25 मायक्रोग्रॅमचा हिशेब



संयोजकांनी बजावलं होतं, "कामाबद्दल बोल, पण कॉम्प्युटरची भाषा नको." मी औषध कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते, तेव्हा आज गोळीबद्दलच बोलते.

आपल्यापैकी कितीतरी जणी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात. '25 ची गोळी' म्हणजे 25 मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन. गोळी 100 मिलिग्रॅमची धरली, तर 4000 भागांत 1 भाग औषध. 100 किलो मिश्रणात औषध फक्त 25 ग्रॅम, आणि त्यातून पाडायच्या 10 लाख गोळ्या. प्रत्येकीत औषध सारखं हवं.

औषधाचा कण 0.1 मिलिमीटरचा असेल, तर एका गोळीत जेमतेम 35-40 कण येतात. मग कितीही ढवळा, एखादीत 30 जातील, एखादीत 45. हा फरक कणांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो, म्हणजे साधारण 16 टक्के. तेच कण दहापट बारीक केले की संख्या हजारपट होते आणि फरक अर्ध्या टक्क्यावर येतो. वर्गमूळ कुठे उपयोगी पडतं, असं आपण नववीत विचारायचो. हे घ्या उत्तर!

पण फार बारीक पूड गोळा होऊन बसते. त्यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. वेलदोडे कुटताना आपण थोडी साखर घालतो आणि ती पूड आधी थोड्या, मग सगळ्या साखरेत मिसळतो. कारखान्यातही औषध आधी तेवढ्याच भरीत, मग दुप्पट, चौपट असं वाढवत नेतात. किंवा केशर दुधात खलावं तसं ते द्रवात विरघळवून भरीवर फवारतात.

एवढं करूनही मिश्रण बिघडू शकतं. चिवड्याचा डबा हलवला की मीठ आणि पिठीसाखर तळाशी जाते, तसंच यंत्राच्या हॉपरमध्ये होतं. म्हणून तयार गोळ्याही तपासतात. आधी 10 गोळ्या, प्रत्येक वेगवेगळी. सरासरी किती ढळली आणि गोळ्यागोळ्यांत किती फरक आहे, यांचा मिळून एक आकडा काढतात. तो 15 च्या आत हवा. नसेल तर आणखी 20 गोळ्या तपासतात.

इथे माझं काम येतं. एका कारखान्याने विचारलं होतं, "एखादा वाईट निकाल वगळून सरासरी दाखवायची सोय देता येईल का?" मी नाही म्हटलं. ते काम हातचं गेलं. एका गोळीत 70 टक्के आणि दुसरीत 130 टक्के औषध असलं, तरी सरासरी 100 च येते. पण सरासरी कोणी गिळत नाही. हृदयासाठीच्या डिगॉक्सिनसारख्या औषधात तर पुरेसा डोस आणि विषारी डोस यांत फार थोडं अंतर असतं. त्या वगळलेल्या निकालासारखी गोळी कुणाच्या तरी आईच्या पाकिटात असते.

तुमच्यासाठी एवढंच: अशी गोळी स्वतःच्या मनाने अर्धी करू नका, कारण दोन्ही तुकडे क्वचितच सारखे निघतात. थायरॉइडच्या गोळीची कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगा. ते बहुधा 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच तपासायला सांगतील. तेवढं मात्र टाळू नका.