बॅच नंबरची रिकामी ओळ

मसाले, चटण्या, लोणची, पापड करून विकणाऱ्या मंडळींशी आज मला बोलायचंय. परवाना कसा काढायचा, वजनमापाचे नियम काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. मला एकाच ओळीबद्दल सांगायचंय.

तुमच्याच लाल तिखटाचं पाकीट हातात घ्या. पुढे मिरच्यांचं चित्र, मागे चौदा आकडी परवाना क्रमांक, वजन, किंमत. अगदी खाली, शिवणीजवळ, 'बॅच क्र.' आणि त्यापुढे टिंबं. ती टिंबं बहुतेक वेळा रिकामी. कुठे शिक्का असलाच, तर तेलकट बोट लागलं की शाई अंगठ्यावर उतरते. काही जण तर वर्षभर एकच नंबर मारतात. मंडळी, हे बरं नाही.

इंग्लंडमधली गोष्ट ऐका. तिच्यात आपल्या देशातली मिरची आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथल्या अन्न मानक संस्थेनं जाहीर केलं की, एका वूस्टर सॉसमध्ये 'सुदान-१' हा रंग सापडलाय. हा रंग बुटांच्या आणि फरशीच्या पॉलिशसाठी वापरतात, खाण्यात त्याला बंदी आहे. तो आला भारतातून गेलेल्या मिरचीपुडीतून. पूड सॉसमध्ये गेली, सॉस तयार जेवणांत, पिझ्झ्यांत, सॉसेजमध्ये गेला, आणि शेवटी चारशेच्या वर पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. चिमूटभर पुडीपायी! त्या पदार्थांच्या कारखानदारांनी रंग घातला नव्हता, तरी माल त्यांनाच उचलावा लागला.

आता आपल्या शेताकडे या. भाजीला पाणी देताना आपण वाफे पाडतो, मधे वरंबे घालतो. एका वाफ्यात रोप कुजायला लागलं, तर दारं धरणारा माणूस त्याच वाफ्याचं तोंड बंद करतो, बाकीचं शेत वाचतं. वरंबेच नसतील तर रोग पाण्याबरोबर शेतभर फिरतो आणि कुठे सुरू झाला तेही कळत नाही. बॅच नंबर म्हणजे तो वरंबा. एका घाण्यात खोट निघाली तर तेवढीच पाकिटं परत आणता येतात. नंबर नसेल तर बाजारातला सगळा माल संशयित, चांगलासुद्धा. आणि वरंबे पाणी सोडण्याआधी घालायचे असतात. नंतर गेलात तर चिखलच तुडवाल.

म्हणून सांगते, प्रत्येक घाण्याला वेगळा नंबर, आणि त्या नंबराची वहीत नोंद.

कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये. त्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष मालामुळे कुणाला इजा झाली, तर बनवणाऱ्याकडून भरपाई मागता येते. पाकिटावर तुम्ही ठामपणे 'रंगविरहित, शुद्ध' छापलंत आणि ते खरं निघालं नाही, तर 'माझा हलगर्जीपणा नव्हता' एवढ्यानं सुटका होत नाही. तक्रार ग्राहक स्वतःच्या जिल्ह्यात करू शकतो. म्हणजे माल नागपुरात विकला गेला तर बार्शीत तो बनवणाऱ्यानं नागपूर गाठायचं. आणि दुकानदारांनो, तुम्हीही ऐका. बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल, तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. निनावी पिशव्या ठेवताना विचार करा.

'आम्ही पन्नास किलो करणारी माणसं, आम्हाला कोण विचारतंय?' हे मी फार ऐकते. अहो, मोठ्या कंपनीला सगळा माल उचलणं परवडतं, कोर्टात लढणंही परवडतं. २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, न्यायालयानं बंदीचा आदेश रद्द केला आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला सांगितलं. फेरतपासणीला नमुना लागतो. तुमच्यावर वेळ आली तर त्या घाण्याचं बंद पाकीट तुमच्या फळीवर आहे का? प्रत्येक घाण्यातली दोन पाकिटं बाजूला ठेवा, माल खाण्याची मुदत संपून काही महिने जाईपर्यंत. सीझनमध्ये माल कमी पडला म्हणून तीच विकू नका. तेही होतं, मला माहीत आहे.

आता वही. साधी दोनशे पानी चालेल. तारीख, घाण्याचा नंबर, ब्याडगी कुणाकडची, संकेश्वरी कुणाकडची, त्यांच्या बिलांचे नंबर, डंकावर कधी कांडली, पाकिटं किती भरली, आणि कुठल्या दुकानाला किती गेली. हा शेवटचा रकाना लोक सोडतात. तो सोडलात तर कुठल्या घाण्यात खोट आहे ते कळेल, पण ती पाकिटं कुठे आहेत ते कळणार नाही. मग सगळ्याच दुकानांना फोन करा, सगळ्यांचीच उधारी अडकवून घ्या!

आणखी एक. मागच्या घाण्यातलं उरलेलं किलो-दोन किलो तिखट नव्यात ढकलू नका. तिथे तुमचा वरंबा तुम्हीच फोडता. ढकललंच असेल, तर वहीत दोन्ही नंबर लिहा. बचत गटात हे काम एकीच्याच डोक्यात राहू देऊ नका. ती माहेरी गेली की नोंद बंद पडते. दोघींनी लिहायचं.

विम्याबद्दल बोलायचं होतं. उत्पादन दायित्वाचा विमा मिळतो, पण दावा आला की विमा कंपनीसुद्धा माल कधीचा, कुठल्या घाण्यातला, ते विचारणारच. आणि सूचना छापण्याबद्दलही, म्हणजे लोणच्याच्या बरणीवर 'ओला चमचा घालू नये' हे कुठे आणि केवढ्या अक्षरात... पण निवेदिकाबाई वेळ संपल्याची खूण करताहेत. शिक्क्याच्या शाईचं तेवढं सांगते. प्लॅस्टिकवर चटकन सुकणारी शाई स्टेशनरीच्या दुकानात मागून मिळते, कागदाची साधी शाई वापरू नका. आणि पाकीट भरायच्या आधी शिक्का मारा, मसाल्याचा हात लागायच्या आधी.