हंगामी

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'परदेशातील माझी भरारी'. मी दोन दिवस गप्प बसले आणि मग फोन करून सांगितलं, की बोलते, पण भरारीवर नाही. २०२३ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर मी कॅनडात एका गोडाऊनमध्ये हंगामी कामगार होते. त्याबद्दल बोलते.

तुमच्यापैकी बहुतेकांना हे आज पहिल्यांदा कळतंय. त्या दिवसांत मी आपल्या ग्रुपवर बर्फाचे फोटो टाकत होते आणि खाली तुम्ही 'मजा आहे बुवा एका माणसाची' असं लिहीत होता. त्या फोटोत माझ्या पायात जे जाड बूट दिसतात, ते बर्फासाठीचे नव्हते. पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज होते ते. रात्रपाळी संपवून, सकाळच्या बसची वाट बघताना काढलेला फोटो आहे तो.

झालं असं. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढल्यावर आम्ही तिघं कायम वास्तव्याच्या परवान्यावर कॅनडाला गेलो. ऑंटारियोत, ब्रॅम्प्टनला एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहिलो. वाटलं होतं, दोन महिन्यांत नोकरी लागेल. दीडशेच्या वर अर्ज केले. जिथे मुलाखत झाली तिथे शेवटी एकच प्रश्न, इथला अनुभव आहे का? इथे कुणी नोकरी दिल्याशिवाय इथला अनुभव कुठून आणू, हे विचारायची सोय नव्हती. यांना एका दुकानात दिवसाचं काम मिळालं. पण भाडं भागवताना पुण्याहून आणलेली शिल्लक पातळ होत चालली. त्यात मुलाची दाढ दुखायला लागली. तिथे डॉक्टर, दवाखाना सरकारी विम्यात बसतो, पण दातांचं साधं काम त्या वेळी बसत नव्हतं. कंपनीत कायम असाल तर कंपनीच्या विम्यातून व्हायचं, नाहीतर बहुतेकदा खिशातून. तेव्हा 'कायम' या शब्दाचा अर्थ माझ्यासाठी एक दाढ एवढा होता.

शेजारच्या पंजाबी मुलाने सांगितलं, दीदी, सीझन सुरू होतोय, गोडाऊनवाले भरती करतायत. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे ब्लॅक फ्रायडेची मोठी विक्री असते, मग नाताळ, मग २६ डिसेंबरचा बॉक्सिंग डे. आपल्याकडे दिवाळीआधी भिवंडीच्या गोडाऊनांत जशी जादा माणसं भरतात, तसंच. एजन्सीमार्फत भरती होती. फॉर्मवर विचारलं होतं, ५० पौंड, म्हणजे बावीस-तेवीस किलो उचलता येतं का? मी 'हो' लिहिलं. शिक्षणाच्या रकान्यातून इंजिनियरिंगची पदवी मीच काढून टाकली, जास्त शिकलेली बाई पळून जाईल असं त्यांना वाटू नये म्हणून. आपल्या गणिताच्या बाई समोर बसल्यात. बाई, तुम्ही पाठ थोपटून सांगलीला पाठवलेल्या मुलीने ती ओळ खोडली तेव्हा तुमची आठवण झाली होती.

आता थोडं मागे जाते, कारण 'हंगामी' हा शब्द मी तिथे शिकले नाही. तो आपण सगळे इथेच शिकलो. आपल्या वर्गातली निम्मी मुलं कारखान्याच्या माणसांची. नवीन मूल वर्गात आलं की आपला दुसराच प्रश्न असायचा, 'तुझे बाबा कायम का हंगामी?' कायमवाले कॉलनीत राहायचे, आम्ही गावात. माझे बाबा साखर गोडाऊनला होते. तेव्हा क्विंटलची पोती असायची. हमाल थप्पी लावायचे आणि बाबा थप्पी मोजून वहीत मांडायचे. गव्हाणीत मोळी पडली, भोंगा सुरू झाला की आमच्या घरात साखरेच्या चहाबरोबर बिस्किटं यायची. आपल्या परीक्षांच्या सुमारास पट्टा पडला की दुधाचा रतीब अर्ध्यावर यायचा. चौदा हंगाम बाबांनी असे काढले. मी आठवीत असताना ते कायम झाले आणि आईने वर्गात वाटायला पेढे दिले होते. काहींना आठवत असतील. सरांनी दोन घेतले होते. (सर हसतायत, म्हणजे आठवतंय.)

तर अशा घरातली मुलगी त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा हंगामी झाली.

पहिल्या रात्री आम्हाला साठेक जणांना एका खोलीत बसवलं. एजन्सीची बाई म्हणाली, 'चांगलं काम कराल त्यांना कंपनी जानेवारीनंतर ठेवून घेईल.' तासाला १७ डॉलर. त्याच महिन्यात ऑंटारियोचं किमान वेतन १६.५५ झालं होतं, म्हणजे त्याहून जेमतेम वर. गळ्यात पांढरं कार्ड. कायमवाल्यांचं हिरवं. चहाच्या सुट्टीत आपोआप पांढरी कार्डं एका टेबलाला आणि हिरवी दुसऱ्या टेबलाला. मला आपला वर्गच आठवला.

काम सांगते. हातात स्कॅनर. त्यावर कप्प्याचा नंबर येतो, तिथे चालत जायचं, कप्पा स्कॅन करायचा, वस्तू स्कॅन करायची, ढकलगाडीवरच्या प्लॅस्टिकच्या पेटीत टाकायची. लगेच पुढचा नंबर. दहा तास. खेळणं, शाम्पू, कुत्र्याचं खाणं, मोबाइलचं कव्हर. पहिल्या आठवड्यात माझ्या फोनने एका रात्रीत सतरा किलोमीटर चाल दाखवली. घरी येऊन पायऱ्या उतरताना मी भिंत धरत होते. तासाला किती वस्तू झाल्या त्याचा आकडा पाळी चालू असतानाच सुपरवायझरला दिसायचा. आणि दोन स्कॅनमध्ये काही मिनिटांहून जास्त वेळ गेला, तर तो 'रिकामा वेळ' म्हणून वेगळा मोजला जायचा.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पुण्यात असताना एका वेगळ्या कंपनीच्या गोडाऊनसाठी तसाच एक रिपोर्ट मी स्वतः लिहिला होता. कामगाराचं नाव, दोन स्कॅनमधलं अंतर, दिवसाचा एकूण रिकामा वेळ, आणि जास्त असेल तर लाल रंग. सोपं काम होतं, दोन दिवसांत झालं. साहेबांनी कौतुक केलं होतं. लाल रंग माझीच कल्पना.

तो लाल रंग म्हणजे काय असतं ते मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. स्वच्छतागृह गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला होतं. जाऊन यायला आठ-नऊ मिनिटं. तक्रार कुणी करत नव्हतं, जाऊ नका असंही कुणी म्हणत नव्हतं. फक्त पाळी संपताना सुपरवायझर हसून विचारायचा, 'इथे नऊ मिनिटं दिसतायत, काही अडचण होती का?' एवढंच. पुढच्या रात्रीपासून मी पाणी पिणं कमी केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला जानेवारीनंतर राहायचं होतं.

माझ्या जोडीला जालंधरकडच्या एक बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. आम्ही सगळे त्यांना आंटीजी म्हणायचो. आमच्या साठ जणांत हात सगळ्यात झपाझप चालायचा तो त्यांचा. कप्प्यांचे नंबर त्यांना पाठ झाले होते. त्या माझ्याही पुढे गेल्या होत्या, पाळीवर पाणी पीतच नव्हत्या. म्हणायच्या, 'बेटा, दो महीने की बात है.' त्यांनाही ठेवून घ्यायला हवं होतं. सुनेच्या घरात राहत होत्या आणि स्वतःच्या पगाराची एक खोली घ्यायची होती त्यांना.

राहण्याच्या आशेने आम्ही काय काय करत होतो, ते आज मोजलं तर हसू येतं. सुपरवायझर समोरून आला की चालण्याचा वेग वाढायचा. जादा पाळीला कुणी 'नाही' म्हणायचं नाही. तिथे आठवड्याला ४४ तासांवर दीडपट पैसे मिळतात हे खरं, पण आम्ही पैशांसाठी थांबत नव्हतो. थांबलेलं दिसावं म्हणून थांबत होतो. रोज नवी बातमी यायची. वीस जणांना ठेवणार. नाही, दहा. जे चुका करत नाहीत त्यांना. नाही, ज्यांची एकही खाडी नाही त्यांना. जागा किती आहेत हा साधा प्रश्न साठातल्या एकानेही विचारला नाही, मीसुद्धा. विचारलं तर नाव लक्षात राहील, ही भीती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आंटीजींना लघवीचा संसर्ग झाला, ताप आला. दोन रात्री आल्या नाहीत. तिसऱ्या रात्री आल्या त्या पहिल्यांदा हजेरीचं मशीन बघायला गेल्या. मी त्यांना म्हटलं, पाणी प्या आता. त्या म्हणाल्या, आता तर दोन खाडे भरून काढायचेत.

२३ डिसेंबरला शेवटची पाळी झाली. केक कापला. सुपरवायझरने प्रत्येकाशी हात मिळवला. २८ तारखेला फोनवर ईमेल आला, तुमची नेमणूक संपली आहे, आपल्या सेवेबद्दल आभार. मला आला, आंटीजींनाही आला. नंतर कळलं, साठात चार जणांना ठेवलं होतं. आणि चारच जागा आहेत हे ऑक्टोबरमध्येच ठरलेलं होतं. ते ऐकून मला जितका राग आला, तितका ईमेल वाचून आला नव्हता.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. त्यांना तोवर काहीच माहीत नव्हतं. सगळं सांगितलं. रडलेही. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग पुढच्या हंगामाला बोलावणार ना?'

मी म्हटलं, नाही बाबा. इथे तसं नसतं. पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा पहिल्यापासून.

ते म्हणाले, 'म्हणजे नाव रजिस्टरला राहत नाही?' नाही. 'बंद हंगामात रिटेन्शन भत्ताही नाही?' नाही. थोडं थांबून म्हणाले, 'मग आमचं बरं होतं म्हणायचं. आम्हाला घरी बसवायचे, पण आम्ही कारखान्याचे होतो.'

मित्रांनो, चौदा वर्षं हंगामी राहिलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मला त्या रात्री फार वाटलं. बाबांची वाट लांबची होती, पण ती रांग होती. त्यात आपला नंबर कितवा हे त्यांना माहीत होतं. आमची रांगच नव्हती. फक्त आशा होती, आणि ती आशाच आम्हाला पळवत होती. तिला पगार द्यावा लागत नाही.

पुढचं थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये मला माझ्या क्षेत्रात काम मिळालं, आधी सहा महिन्यांच्या करारावर. करार करताना मी पहिल्यांदा विचारलं, नंतर किती जागा आहेत? उत्तर मिळालं, एक. मग मी पाणी पिऊन काम केलं. जागा मला मिळाली. मुलाची दाढ त्याआधीच, उसने पैसे घेऊन झाली होती. आंटीजी आता एका शाळेच्या स्वयंपाकघरात आहेत. अजून फोन करतात.

आताही मी मोजण्याचंच सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या रिपोर्टमध्ये 'रिकामा वेळ' असा रकाना होता. मी दोन गोष्टी मागितल्या. रकान्याला 'दोन स्कॅनमधला वेळ' म्हणा, आणि दहा मिनिटांपर्यंतचा वेळ कुणाच्या नावासमोर दाखवू नका. दुसरी मान्य झाली. पहिल्यावर अजून चर्चा चालू आहे.

आता तुमच्याकडे एक मागणं. आज आपल्या बॅचमध्ये लेबर काँट्रॅक्टर आहेत, कारखान्याचे संचालक आहेत, दिवाळीला चार पोरं जादा ठेवणारे दुकानदार आहेत, एमआयडीसीत वर्षातून दोनदा भरती करणारे मॅनेजर आहेत. तुम्ही सगळ्यांना कायम करा असं मी म्हणत नाही. तुमचेही हिशोब असतात, मला माहीत आहे. एवढंच करा, पहिल्या दिवशी जागा किती ते सांगा. चार असतील तर चार सांगा. एकही नसेल तर एकही नाही म्हणा. माणूस तरीही काम करतो, त्याला पैशांची गरज असते. पण मग तो पाणी पितो.

आणि आपल्यात आज कुणी कराराच्या नाहीतर हंगामी कामावर असेल, तर त्याने माझ्यासारखे बर्फाचे फोटो टाकत बसू नये. ग्रुपवर सरळ लिहावं. आपल्या वर्गात 'कायम का हंगामी' हे विचारायची कुणाला लाज वाटत नव्हती. सांगायचीही वाटू नये.

पेढे आज मी आणलेत, मागच्या टेबलावर आहेत. सर, तुम्ही दोन घ्या.