लिंबू-मिठाशिवाय टकीला

मंडळाच्या कार्यक्रमात टकीलावर बोलणार म्हटल्यावर दोन-तीन काकूंच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या माहितीसाठी, आपल्याकडे बांधावर जी घायपात दिसते, तिचीच मेक्सिकोतली चुलत बहीण म्हणजे निळा अगावे. वाढायला सहा-आठ वर्षं लागतात. पानं छाटून आतला अवाढव्य गड्डा भाजतात आणि त्याचा गोड रस आंबवतात.

गेल्या वर्षीच्या लिलावात आम्ही मित्रांनी एक 'एक्स्ट्रा आन्येहो' ठेवली होती. म्हणजे ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली. हा वर्ग मेक्सिकोने २००६ मध्ये ठरवला. गडद रंग, व्हॅनिलाचा घमघमाट... माइकवर कौतुक आम्हीच केलं, बोलीही छान लागली. नंतर कळलं की तिथल्या नियमांप्रमाणे कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक, असं १ टक्क्यापर्यंत घालता येतं आणि लेबलवर सांगावं लागत नाही. '१०० टक्के अगावे' लिहिलेलं असलं तरी!

मग आम्ही चौघं तीच टकीला आणि काहीही न घातलेली एक, अशा दोन समोर घेऊन बसलो. दुसरीचा रंग फिका. वाटलं, फसलो. पण ग्लासात पंधरा मिनिटं ठेवली, तोंड किंचित उघडं ठेवून वास घेतला, तर आधी भाजलेलं रताळं, मग मिरी, आणि लाकूड सगळ्यात मागे. दोन थेंब तळहातावर चोळले; अल्कोहोल उडून गेलं तरी रताळं तिथंच! घोट गिळल्यावर जिभेवर जरा तुरटपणा राहतो, तो आम्हाला फार आवडला. पहिलीत गोडवा ओठांना चिकटला आणि पुढे काहीच नाही.

अर्थात जीभ म्हणजे काही लॅब नव्हे. जाळलेल्या ओकमधून व्हॅनिला आपसूकही उतरतो. आमच्यातल्या एकाला अजूनही पहिलीच आवडते, त्याच्याशी वाद चालू आहे.

आज लिलावात दुसरी ठेवली आहे, चवीसाठी एक वेगळी उघडली आहे. लिंबू-मीठ मागू नका, मिळणार नाही. गेल्या वर्षी बोली जिंकलेल्या काकांना फोन करून आम्ही सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "अरे, ती दिवाळीतच संपली!" आजचा पहिला ग्लास त्यांचा.